न सापडणारं ठिगळ

"अहो, दुरुस्ती केलीत कुठे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

कारागिराची छाती फुगली. हाच प्रश्न ऐकायला त्याने जिवाचं रान केलं होतं. हँगरच्या दारावर आपटून छोट्या विमानाच्या डाव्या पंखाचं टोक फुटलं होतं. त्याने फुटका भाग घासून काढला, काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून एकावर एक बसवले आणि हौसेच्या भरात तपासणीआधीच वरून रंगही मारून टाकला. तपासनीस बाई म्हणजे त्याची बायकोच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या कामाला त्यांनी कधी 'छान' म्हटलं नव्हतं. आज तो ते वदवून घेणारच होता.

"ओळख बघू," तो म्हणाला.

"मी काय कोडी सोडवायला आलेय? आधी दाखवायचं, मग रंगवायचं. ठिगळ पाहिल्याशिवाय सही मिळणार नाही. उद्या डॉक्टरांना उडायचंय."

विमानाचे मालक डॉक्टर शेजारीच उभे होते. विमान दारावर त्यांनीच घातलं होतं, त्यामुळे ते हँगरचं छत न्याहाळत होते.

"हे काय, इथे," कारागिराने बोट ठेवलं. मग ते जरा पुढे सरकलं. मग खाली. "इथेच कुठेतरी."

बाईंनी नाणं काढून टोकावर टकटक केलं. थर नीट चिकटले नसले तर आवाज बद्द येतो. इथे सगळीकडे सारखाच खणखणीत येत होता.

"डॉक्टर, नेमकं कुठे लागलं होतं?"

"मी डोळे मिटले होते," डॉक्टर म्हणाले.

आता रंग खरवडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कारागिराने पॉलिश पेपर घेऊन स्वतःच मारलेला रंग घासायला सुरुवात केली. पुढच्या कडेला काही निघालं नाही. खालीही नाही. डॉक्टर बाह्या सारून मदतीला बसले आणि भलत्याच कोपऱ्यात घासू लागले. तिथे उभ्या कापलेल्या कांद्यासारखी एकात एक थरांची कडी दिसली.

"बघ," कारागीर म्हणाला. "असं काम दुसरं कोणी करून दाखवेल? कडा बघ. याला म्हणतात हात."

बाई वाकून बघत राहिल्या. "तुम्ही थर कसे कापता हो?"

"गोल. नेहमीच."

"हे लांबट आहेत. लांबट मी कापायचे. लग्नाआधी मी इथे कारागीर होते, विसरलात?"

कारागिराचा चेहरा पडला. बायकोची तोंडभरून स्तुती त्याने तिच्याच समोर केली होती.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. खुशी त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हती. "कडांबद्दल काय म्हणत होतात?"

कारागीर डोकं खाजवत उभा राहिला. मग हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"म्हणजे तुझं ठिगळ सापडलं."

"हो."

"माझं अजून नाही."

पुन्हा नाणं काढून बाईंनी अख्खं टोक वाजवून पाहिलं. शेवटी पदर खोचून त्यांनी स्वतःच पॉलिश पेपर उचलला.

"छान," त्या पुटपुटल्या. "आता घासा."

कारागीर घासायला बसला, पण अगदी हळूहळू; ठिगळ सापडायची त्याला मुळीच घाई नव्हती.