डिंडोलीकर चिंधाराव पाटील यांनी मिनी ट्रॅक्टराची मसलत केली ती हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मास, शहर सुरत, मुक्काम डिंडोली. गल्लीतील वडीलधाऱ्यांनी पृच्छा केली की, राजश्री चिंधाराव पाटील यांचे दारी लाल ट्रॅक्टर उभा आहे तो कैसा आला, कोणाच्या हुकुमे आला, आणि घर दुभंगता दुभंगता कैसे सावरले, ते साद्यंत लिहोन द्यावे. त्यास जैसे घडले तैसे लिहितो. दोन ठिकाणी पदरचे मीठ पडले आहे, ते चवीपुरते समजावे.

चिंधाराव हे मूळचे खानदेशचे. तरुणपणी सुरतेस आले, पॉवरलूमच्या खात्यात लूमवर उभे राहिले, आणि उभ्याउभ्याच म्हातारे जाहले. त्या खटाखटीत कानांची निम्मी दौलत गमावली, परंतु पलसाण्याच्या वाटेस दीड बिघा जागा संपादिली. तेथे शेवग्याच्या रांगा, काही लिंबे, पत्र्याची एक खोली आणि पाण्याची मोटर, ऐसे संस्थान वसविले. आणि दरसाल पावसाळा सरला म्हणजे गवत कमरेस लागे, मग ज्या वेड्या बाभळीस गुजराथी लोक गांडो बावळ म्हणतात तो काटेरी गनीम चहूकडोन कुंपण ओलांडोन आत शिरे, आणि संस्थानात पाऊल ठेवण्यास वाव न राही.

गनिमाचा बंदोबस्त करणे कामी आजवर भाड्याचा मोठा ट्रॅक्टर बोलावीत. तो आपल्या मर्जीने येई. मागील साली आला तो शेवग्याच्या दोन ओळींमधे शिरला, वळावयास जागा मिळेना, तेव्हां शेवगे आडवे करोन वळला आणि जाता जाता कुंपणाचा खांब संगे घेवोन गेला. मग गवत कापावयाचे हातयंत्र आणिले. त्याने हातास ऐसा कंप भरला की, चिंधारावांच्या कपातील चहा ओतल्यावाचोन बशीत उतरला. मग कोयता घेवोन खासा स्वारी बावळीवर चालोन गेली, तेथे पाय घसरला, काटा तळहातात आरपार गेला, आणि स्वारी रिक्षात घालोन परत आणावी लागली.

हे वर्तमान ऐकोन चिरंजीव योगराज यांचे काळीज हलले. चिरंजीव पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांची पार्सले देशोदेशी रवाना करतात, हुशार आहेत, आणि बापावर त्यांचा जीव आहे हे शत्रूनेही कबूल करावे. त्यांनी जाहीर केले की, आबांनी आता बावळीशी झुंजू नये, जागा विकोन टाकावी, गिऱ्हाईक तयार आहे, लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यावा, कारण आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. सूनबाई वर्षा यांनी रुकार दिला. मातुश्री मंगलाबाई त्यासमयी लसूण सोलीत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, यास्तव त्यांचे मत योगराजांच्या पक्षात धरण्यात आले.

चिंधारावांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांस जन्मात दुसऱ्या शेठाचे लूमखाते आणि दुसऱ्याची खोली एवढेच मिळाले होते. आपले म्हणावे ऐसे एवढेच एक ठिकाण, आणि तेही काट्यांपायी जाणार! मग त्यांनी हट्टाने फर्मावले की, मिनी ट्रॅक्टर घ्यावयाचा, जो दोन ओळींमधोन सरळ जाईल, मागे जमीन उकरणारा रोटावेटर ओढील, लहान ट्रॉलीतोन खत वाहील. तो आला तर जागा राहील, नाही आला तर विक्रीच्या कागदावर सही करीन. ऐसा तह होवोन उभयपक्षी मसलत सुरू जाहली.

मग काय विचारावे! चिंधारावांनी मोबाईलवर व्हिडिओंचा ऐसा मारा चालविला की, पंजाबचे शेतकरी, कोल्हापूरचे मिस्त्री आणि कोणी मिशावाले साहेब अहोरात्र घरात बोलू लागले, आणि कान मंद असल्याकारणे ते सर्व मोठ्याने बोलत. ओट्यावर शेजाऱ्यांचा दरबार भरू लागला. ज्यांनी ट्रॅक्टरास जन्मात हात लाविला नव्हता त्यांनी हॉर्सपॉवरवरोन कडाक्याचे वाद केले. एक म्हणे जुना घ्यावा, दुसरा म्हणे जुना म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी, तिसरा म्हणे बकऱ्या पाळाव्या. बकरीवाल्यास चहा दुसरेंदा मिळाला नाही.

अखेर कडोदऱ्याच्या बाजूस शोरूमवर स्वारी झाली. तेथील मुखत्यार प्रफुल्लभाई सामोरे आले, आणि ट्रॅक्टराचे गुण गावयास लागले. चिंधारावांनी त्यांस हातानेच थांबविले. खात्याच्या गोंगाटात कानाचा उपयोग नसतो, मशीनाची तब्येत तळहाताने पाहावी लागते, ही त्यांची जुनी विद्या. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेविला, डोळे मिटले, बराच वेळ स्तब्ध राहोन निवाडा दिला की, मशीन एकदम नरम चालते. प्रफुल्लभाईंनी अदबीने अर्ज केला की, काका, हजु चालू नथी कर्युं, म्हणजे अजोन सुरूच केलेले नाही. योगराज दुसरीकडे पाहोन खोकले. मग ठरले की, दुसरे दिवशी डेमोचा ट्रॅक्टर जागेवर नेवोन चालवोन पाहावा, आणि काय तो निकाल तेथेच करावा.

आता शोरूमवरोन पलसाण्याची वाट डिंडोलीवरोन जात नाही. तथापि चिंधारावांनी आज्ञा केली की, ट्रॅक्टर जाता जाता आपले दारावरोन न्यावा. ओट्यावरील दरबाराने पाहावे, एवढाच हेतू. दुसरे दिवशी सकाळी तो लाल ट्रॅक्टर गल्लीत शिरला, भाजीची हातगाडी मागे सरली, आणि चिंधाराव प्रफुल्लभाईंचे शेजारी मडगार्डवर ऐसे बसले होते की पाहणाराने हात जोडावे.

ट्रॅक्टर दारी थांबला. आणि नवे वाहन दारी आले म्हणजे काय करावे, हे आमच्या बायकांस कोणी शिकवावे लागत नाही. मंगलाबाई गुडघ्यावर हात ठेवीत तीन पायऱ्या उतरल्या, हाती ताट. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले, चाकांवर पाणी घातले, हळद वाहिली, निरांजन ओवाळले. शेजारणींनी अक्षता टाकल्या. आणि कोणी हां हां म्हणेतो मंगलाबाईंनी पुढल्या चाकापाशी नारळ आपटोन फोडला.

योगराज धावत आले आणि घरच्या अहिराणीत ओरडले.

"ओ माय, हाऊ तं डेमोना शे! फक्त देखाडाले लयेल शे!"

"माले ठाऊक शे," मातुश्री म्हणाल्या, आणि खोबऱ्याचे तुकडे वाटू लागल्या. "नारळ फुटना, आते हाऊ परत कसा जाई?"

प्रफुल्लभाई घाबरले, मातुश्रींस म्हणाले, "बा, आ तो डेमोनुं छे, नवुं मोकलावुं ने!" म्हणजे नवा पाठवितो. त्यास हुकूम जाहला की, ज्याच्यापुढे नारळ फुटला तोच राहील, ओवाळलेला माघारी पाठविणे या घरी होणार नाही. प्रफुल्लभाईंनी ओरखडे दाखविले, बसावयाच्या गादीस पडलेले भोक दाखविले. मातुश्रींनी भोकावर कुंकू लाविले. तेव्हां प्रफुल्लभाईंनी समयोचित मोबाईल काढोन फुटल्या नारळाचा फोटो शोरूमकडे रवाना केला, आणि हाच विकण्याची परवानगी आणविली.

योगराजांनी अखेरचा बाण सोडला की, आई, तुझ्या गुडघ्यांसाठीच तर लिफ्टचे घर पाहिले होते. मंगलाबाईंनी ताट खाली ठेविले. एवढ्या दिवसांच्या मसलतीत जागेविषयी त्यांचा शब्द प्रथमच निघत होता.

"गुडघा मना, जागा बी मनी. माले कोनी इचारं का?"

ओट्यावरील दरबाराने माना खाली घातल्या. चिंधाराव मडगार्डवरोन उतरले. जी बाई आपल्या विरुद्ध आहे ऐसे समजोन आपण कैक रात्री तिच्याकडे पाठ करोन निजलो, ती आपल्याच छावणीत होती, हे त्यांस त्या घडीस कळले आणि फार लाज वाटली. योगराजांनी खोबऱ्याचा तुकडा घेवोन तोंडात टाकिला. ती शरणागती समजण्यात आली.

मग प्रफुल्लभाईंनी पावती काढोन विचारिले की, ट्रॅक्टर कोणाचे नावे करावा. योगराजांनी बापाचे नाव सांगितले. चिंधारावांनी हात वर केला.

"मना नावे नको. तिना नावे लिखा. आनि जागा बी तिनाच नावे करी टाकू. मनाकडथीन हाऊ पोऱ्या कव्हय बी सही करायी लेई. तिनाकडथीन नही."

योगराज हसले, आणि हसता हसता डोळे पुसते जाहले. मग ट्रॅक्टर पलसाण्याकडे निघाला, आणि अर्ध्या दिवसात शेवग्याच्या ओळींमधील बावळ उखडली, एकही शेवगा पडला नाही.

येणेप्रमाणे ही मोहीम सिद्धीस गेली. फत्ते झाली ती सौभाग्यवती मंगलाबाई चिंधाराव पाटील यांच्या नावे दाखल केली आहे. त्यात खाडाखोड नाही.