आमचे घर चाळीस सेकंद मागे

वसमत शहरात कार्यकारणभाव या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती प्रस्तुत लेखक आहे. हे मी आत्मप्रौढीने म्हणत नाही. दुसरी कोणी असती, तर माझ्या चारशे बारा पृष्ठांच्या 'कार्यकारणभाव : एक चिकित्सा' या ग्रंथाचे गठ्ठे माझ्याच माळ्यावर पडून राहिले नसते! त्या ग्रंथाचे सातवे प्रकरण अपशकुन, दृष्ट आणि काळी जीभ यांच्या समूळ निर्दालनाला वाहिलेले आहे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे लागणार आहे.

अशा मनुष्याच्या घरात केबलवर दोनशे बारा वाहिन्या येत असत. त्यांतल्या एकशे नव्वद मला न कळणाऱ्या भाषांत होत्या. उरलेल्या कळणाऱ्या भाषेत असूनही कळत नसत. एका मालिकेतील सासूने विषाचा पेला ओठांशी नेला, तो खाली ठेवायला तिला अकरा दिवस लागले! बाराव्या दिवशी मी शांतपणे पुस्तक मिटले आणि घोषणा केली, "केबल बंद. गच्चीवर फुकट वाहिन्यांची छत्री बसवू, आणि उरलेल्या गरजेपुरते एक स्वस्त ॲप घेऊ."

"छत्री कोण बसवणार?" आमच्या पत्नीने, म्हणजे साधनाने विचारले.

"मी. सोबत माहितीपत्रक येते. ज्याला वाचता येते त्याला छत्री बसवता येते."

"तुम्हाला कुकरची शिट्टी बसवता येत नाही," ती म्हणाली. हा युक्तिवाद नव्हे, म्हणून मी सरळ छत्री मागवली आणि ॲपही घेतले.

केबलवाला धनसिंग तांड्यावरचा, सालस मनुष्य. निरोप मिळताच तो आला आणि दारातच घुटमळला.

"सर, बंद करायचं तर करू की. पर त्या माळ्यावरच्या डब्याचं..."

"डब्याचे काय करायचे ते मी पाहीन."

"तसं न्हाई सर, त्यो डबा म्हंजे बगा..."

"धनसिंग, तुझ्यावर माझा वैयक्तिक रोष नाही. माझा विरोध प्रवृत्तीला आहे." यानंतर मी त्या प्रवृत्तीवर सुमारे पंचवीस मिनिटे बोललो. धनसिंगने तीनदा तोंड उघडले आणि तीनदा मिटले. शेवटी तो म्हणाला, "बराबर हाय सर. मी आज सेनगावला चाललो, भाच्याच्या लग्नाला. परवा येतो." आणि गेला.

परवापर्यंत थांबणे हे निश्चयाचे लक्षण नव्हे. दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, मी माळ्यावर चढलो. माझ्या ग्रंथाच्या गठ्ठ्यांमागे एक राखाडी डबा गेली अकरा वर्षे गुरगुरत होता. मी त्याचा प्लग उपटला आणि त्यातून निघणाऱ्या साऱ्या तारा बागेच्या कात्रीने कापल्या. इतक्या तारा पाहून थोडे नवल वाटले, हे मान्य करतो. पण केबलवाल्यांच्या कारभारात संयम असतो असे कुठे लिहिले आहे?

मग छत्रीकडे वळावे म्हणून गच्चीवर गेलो, तर छत्री उताणी पडलेली आणि तिच्यात कुरडया! शेजारी आमच्या मातोश्री, चतुराबाई, काठीने कावळे हाकत बसलेल्या.

"आई, ही छत्री आहे!"

"छत्री कशाची रे? परात हाय चांगली. एका जागी ऊन धरती. कुरडया कशा खणखणीत वाळून राहिल्या बग!"

"ती उपग्रहाकडे तोंड करून उभी करायची आहे."

"चार दिस थांबंल तुजा उपग्रह. कुठं चालला त्यो?"

उपग्रह खरोखरच कुठे जात नव्हता. स्थिर कक्षेची इतकी अचूक व्याख्या मी पाठ्यपुस्तकातही वाचलेली नाही. मी खाली आलो. ॲप तर होतेच.

आणि इथे, वाचकहो, दारावर थाप पडली.

दारात शेजारचा वैजनाथ. चार एकर हळदीचा मालक. एरवी बोलायला आला तरी आवाज खालचा. आज चेहऱ्यावर रक्त नव्हते. "सर, टीव्ही गेला! समद्या गल्लीचा गेला! आन् अर्ध्या घंट्यात आरोहीची म्याच!"

आरोही ही वैजनाथची मुलगी. आठ महिन्यांपूर्वी ती खो-खोसाठी दूरच्या शहरात क्रीडा वसतिगृहात गेली. आजी रुख्मिणीबाईंना ते पसंत नव्हते. पोर निघाली तेव्हा त्या तोंड फिरवून बसल्या, आणि पुढे आठ महिने फोनवरही बोलल्या नाहीत. आज राज्य पातळीवरचा अंतिम सामना टीव्हीवर दिसणार होता. 'बघते तरी, काय दिवे लावून राहिली ती,' एवढे म्हणून म्हातारी सकाळपासून नवे लुगडे नेसून टीव्हीसमोर बसली होती. अख्ख्या गल्लीला ठाऊक होते की आज सामना पाहिला तर म्हातारीचा अबोला सुटेल.

"धनसिंगचा फोन लागंना," वैजनाथ म्हणाला. "मागं एकदा म्हनला हुता, गल्लीची समदी लाइन तुमच्या माळ्यावरच्या डब्यातून जाती. तुमच्याकडं काही हाललं का सर?"

मी कात्री पाठीमागे धरली. अकरा घरांची दृष्टी मी बागकामाच्या अवजाराने कापली होती!

"असे करा," मी शक्य तितक्या उदारपणे म्हणालो, "सगळे माझ्याकडे या. माझ्याकडे ॲप आहे."

मागच्या गल्लीची लाइन वेगळी आणि चालू होती. परंतु नळाच्या पाळीवरून त्या गल्लीशी आमचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. दहा मिनिटांत माझ्या बैठकीत सत्तावीस माणसे बसली. दोघे तर्कशास्त्रावर बसले, एक जण उपनिषदांवर. रुख्मिणीबाईंना माझी आरामखुर्ची मिळाली. मला माझ्या घरात उभे राहायला जागा उरली ती स्वयंपाकघरात, मागच्या गल्लीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी.

ॲप लागले. सामना दिसू लागला. आरोही दिसताच गल्लीने आरोळी ठोकली. रुख्मिणीबाईंनी पदर सावरला.

एवढ्यात खिडकीतून मागच्या गल्लीचा आवाज आला. "अरारारा!" पन्नास गळ्यांचा एकच हळहळता सूर. (भांडण आमच्याशी होते, आरोहीशी नव्हते.) मी पडद्याकडे पाहिले. तिथे काहीच घडले नव्हते; आरोहीच्या संघाची कर्णधार मजेत पळत होती. पुरती चाळीस सेकंदे गेली, आणि ती बाद झाली.

क्षणार्धात मला उलगडा झाला. इंटरनेटवरचे चित्र केबलच्या चित्राहून चाळीस सेकंद मागे होते! माझ्या घरात परिणाम आधी ऐकू येत होता आणि कारण मागाहून दिसत होते. एकतीस वर्षे शिकवलेला विषय स्वयंपाकघराच्या खिडकीतून उलटा होऊन आत आला होता. विद्वानाला मोह आवरत नाही. पुढचा "अरारारा" येताच मी गंभीरपणे म्हणालो, "आता ती उंच मुलगी बाद होईल."

ती झाली.

"आता चौथ्या क्रमांकाची."

तीही झाली! सत्तावीस माना माझ्याकडे वळल्या. या माना कौतुकाच्या असतील, असे मला सुमारे दोन सेकंद वाटले.

"सर," वैजनाथ हात जोडून म्हणाला, "तुमाला काही तकलीफ दिली का आमी?"

"म्हणजे?"

"मंग काहून असं अभद्र बोलून राहिले?"

आणि माझ्या जन्मदात्रीने सर्वांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. "लहानपणापास्नं हाय त्याचं ते. जिभंवर तीळ हाय, काळा. सात वर्साचा असताना म्हनला, म्हस आटंल. तिसऱ्या दिशी आटली!"

"आई, ती म्हैस चौदा वर्षांची होती!"

"पर तू बोलल्यावरच आटली न्हवं?"

सातव्या प्रकरणाच्या कर्त्याला हे त्याच्या स्वतःच्या बैठकीत ऐकावे लागले. मी आवाज स्थिर ठेवला आणि समजावू लागलो. "हे पाहा. मी जे सांगतो ते आधीच घडून गेलेले असते."

"मंग आमाला दिसंना काहून?"

"कारण आपण मागे आहोत."

"वसमत मागं हाय?"

"वसमत नव्हे! हे घर मागे आहे! मागची गल्ली पुढे आहे!"

"सर," वैजनाथ काळजीने म्हणाला, "पानी देऊ का?"

साधनाने मला खरोखरच पाण्याचा तांब्या आणून दिला आणि हळूच म्हणाली, "अहो, ते तोंडात धरून ठेवा. गिळू नका."

मी ते धरले. पुढचा अर्धा तास मी एक शब्द उच्चारला नाही, आणि माझ्या मौनकाळात आरोहीच्या संघाने आघाडी घेतली. ही बाब माझ्या बाजूने मोजली गेली नाही, हे सांगायला नकोच.

शेवटची पाळी. बचाव आरोहीच्या संघाचा, आघाडी एका गुणाची, वेळ उरलेला एक मिनिट वीस सेकंद. मैदानात एकटी आरोही. शिट्टीपर्यंत टिकली तर सामना तिचा. नाही तर बरोबरी आणि पुन्हा सारे पणाला.

तेव्हा रुख्मिणीबाई आरामखुर्चीतून उठल्या. काठी टेकत, माणसे ओलांडत थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

"सर, तुमी बोलता ते व्हतंय. मंग बोला की. माजी पोरगी टिकंल म्हना."

मी तोंडातले पाणी मोरीत टाकले. "आजी, मला ते माहीत नाही. ज्याला पुरावा नाही, ते मी म्हणत नसतो."

"जाताना तिच्या डोक्यावर हात ठिवला न्हाई मी. लेकरू दारापस्तोर चार बारी मागं बगून गेलं." त्यांचा आवाज बदलला नाही, डोळे मात्र बदलले. "माज्या त्वांडून आता निघंना. तुमी म्हना."

मी खिडकीकडे कान दिला. मागची गल्ली पडद्याच्या पुढे होती. ती हळहळली तर बाद, गर्जली तर विजय. परंतु मागच्या गल्लीतून काहीच येत नव्हते! ना आनंद, ना शोक. पडद्यावर तीस सेकंदे उरली, म्हणजे तिकडे सामना संपलेला असायला हवा, आणि तरीही कोणी खोकतसुद्धा नव्हते. तर्कशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात ही शांतता बसत नव्हती. समोर फक्त एक म्हातारी उभी होती.

"टिकेल," मी म्हणालो.

आणि पडदा थिजला! आरोही एक पाय हवेत ठेवून स्तब्ध, आणि तिच्या डोक्यावर एक पांढरे चक्र गरगरू लागले.

"हे काय झालं?" कोणीतरी किंचाळले.

"सर बोलले आन् थांबलं!"

"टिकंल म्हनले, तशीच टिकवली का काय सरांनी!"

चक्र फिरत राहिले. एक मिनिट गेले असावे. मला ते माझ्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाहून लांब वाटले. मग चित्र एकदम उसळले, आणि त्यात आरोही जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, मैत्रिणी तिच्यावर कोसळत होत्या आणि फलकावर विजय लिहिलेला होता. बैठकीत जो जल्लोष झाला, त्यात माझी उपनिषदांची एक प्रत कायमची द्विखंड झाली.

वैजनाथने फोन लावला. पलीकडून आरोही काय म्हणाली ते कळले नाही, कारण रुख्मिणीबाईंनी फोन हिसकावून घेतला. "ए पोरी! काही खाल्लं का न्हाई सकाळपास्नं?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि पदराने फोनच पुसू लागल्या. आठ महिन्यांचा अबोला असा संपला. मी चष्मा पुसण्यासाठी पुन्हा स्वयंपाकघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी धनसिंग आला. तारा जोडता जोडता म्हणाला, "सर, मी तीन बारी सांगाया गेलो. तुमी बोलूच दिलं न्हाई."

"ते असो. काल सामन्याच्या शेवटच्या क्षणी मागची गल्ली गप्प का होती?"

"मागली गल्ली? तिथं तर फ्यूज उडाला हुता. म्याच संपायच्या आधी चार मिनिटं. आजून शिव्या देऊन राहिलेत मला!"

म्हणजे मी 'टिकेल' म्हणालो तेव्हा माझ्यापाशी कारण नव्हते, पुरावा नव्हता, मागची गल्लीसुद्धा नव्हती. हे मी गल्लीला प्रामाणिकपणे सांगितले. ती माझ्या जीवनातील सर्वांत मोठी चूक होती, कारण गल्लीच्या हिशेबात मग उरली फक्त माझी जीभ.

आज आठवडा झाला. छत्रीत आता सांडगे आहेत. केबल चालू आहे. विषाचा पेला सुनेकडे गेला आहे. सकाळी फाटक उघडले की बाहेर माणसे उभी असतात. वैजनाथ हळदीची पोती घेऊन मोंढ्यात निघताना आधी माझ्याकडे येतो. "सर, भाव वाढंल, एवढं म्हना फक्त." मी त्याला बाजारभावाची कारणमीमांसा सांगतो. तो ती अदबीने पूर्ण ऐकून घेतो आणि म्हणतो, "व्हय सर. आता म्हना."

पहिल्या दिवशी मी ठाम नकार दिला. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई सोबत आल्या होत्या, म्हणून म्हणालो. भाव वाढला. हा निव्वळ योगायोग होता, आणि तसे मी ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत सविस्तर लिहिणार आहे.

आज पहाटे सातव्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी मी न्हाणीघरातल्या आरशापुढे उभा राहिलो आणि जीभ बाहेर काढली. निव्वळ पडताळणीसाठी. तेवढ्यात मागून साधना म्हणाली, "काय बघताय?"

"काही नाही," मी म्हणालो.

आहे. अगदी लहान आहे, पण आहे.