अर्थिंगला कळशीभर पाणी

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लॅपटॉप उलटा धरणं. एक कड तिनं धरली, एक मी. ओंकार खाली मांडी घालून बसला आणि सायकलच्या पंपानं त्याच्या जाळीतली धूळ उडवायला लागला. आबा, तुमची बाजू खाली गेली. आज्जी, त्याच्यावर श्वास सोडू नका, वाफ धरती. आम्ही दोघं म्हातारे श्वास रोखून उभे. कलावती म्हणाली, "आता ह्याला शेकशेगडी तेवढी राह्यली, बाळंतिणीसारखी." मला हसू आलं, माझी कड हलली, आणि ओंकारचा चेहरा असा झाला, जसं मी तान्हं पोर विहिरीवर धरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती गेली. आधण उकळून आटलं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते ओंकारवर.

ओंकार म्हणजे कलावतीच्या भावाचा नातू. शेजारच्या वाशी तालुक्यातल्या खेड्यातला. बारावी झाल्यावर कळंबच्या कॉलेजात कॉम्प्युटरला नाव घातलं आणि आमच्या घरी राहायला आला. आम्हाला मूलबाळ नाही, घर मोकळंच होतं. त्याच्याबरोबर त्याचा बाप आला आणि बापाच्या मांडीवर, एसटीत वाशीपासून कळंबपर्यंत गोधडीत गुंडाळलेला, तो लॅपटॉप आला. आधी मला वाटलं, पोराला ताप आलाय म्हणून गुंडाळून आणलंय. मग बघतो तर पोरगं पायावर उभं.

बापाची एक चूक झाली होती. शाळेची चड्डी जशी वाढत्या अंगाची घ्यायची, तसा त्यानं लॅपटॉप घेतला. दुकानात जाऊन म्हणाला, तीन वर्षं पुरला पाहिजे, मोठ्यातला मोठा द्या. दुकानदारानं गेम खेळायचा दिला. झाकणावर लाल डोळ्यांचं कसलंसं जनावर, आणि उघडला की बटणाखाली सात रंगांचे दिवे पळतात. कलावती पहिल्या दिवशी म्हणाली, मखर छान हाय, गणपती कुठाय?

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं मोंढ्यात हमाली केली, धान्याची पोती पाठीवर घेऊन ट्रकमधी टाकली. वजन मला कळतं. लॅपटॉप आणि त्याच्या चार्जरची वीट मिळून पाच किलोला जरा कमी. तर हे काल आलेलं पोरगं मला उचलायला शिकवतं. आबा, एका हातानं नाही. आबा, झाकणाला धरून नाही. आणि प्रत्येक वेळी आधी एक प्रश्न, "हात कोरडे हायत का?" मला विचारायचा, कलावतीला विचारायचा, एकदा तर तार दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलाच विचारलं. मी म्हणालो, हात कोरडे हायत, घसाबी कोरडाय, आधी पाणी दे.

एवढं गेमचं मशीन, पण त्यानं त्याच्यावर एक गेम खेळला नाही. का, तर तापतं. जेवताना घास हातात धरून थांबायचा. "ऐका. पंख्याचा आवाज बदलला." आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. मोंढ्यात आजारी बैलाजवळ असाच एक शेतकरी बसलेला मी बघितला होता.

कॉलेजात बाकीच्या पोरांचे लॅपटॉप वहीएवढे. ह्याचा पंखा सुरू झाला की सर शिकवायचे थांबतात. बॅटरी तासभर टिकत नाही, म्हणून भिंतीतल्या प्लगजवळचं बाक धरायला हा कॉलेज उघडायच्या आधी दारात. शेवटी शिपायानं वैतागून त्याला सांगितलं, बाबा, उद्यापास्नं किल्ली तूच ठेव. दप्तर पाठीवर नाही, पोटाशी धरून चालतो. पाठीमागं काय होतंय ते दिसत नाही म्हणतो. पेठेतल्या बाया त्याला वाट देतात.

आमच्या घरात तिन्ही पिनांचा बरा प्लग एकच, स्वयंपाकघरात, मिक्सरचा. म्हणून ओंकारचा अभ्यास कलावतीच्या पायात. ती भाकरी थापायची, हा बटणं दाबायचा. पहिल्याच आठवड्यात तो ओरडला. लॅपटॉपचं पत्र्याचं अंग हाताला झिणझिण करत होतं. वायरमन आला. म्हणाला, घराचं अर्थिंग मेलंय, करंट जमिनीत जात न्हाई, म्हणून अंगात येतो. मोरीमागं खड्डा खणला, पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, आणि सांगून गेला की रोज पाणी घाला, खड्डा वाळला की परत तेच.

रोज म्हणलं की कलावतीनं ते रोजच धरलं. तुळशीला तांब्या, खड्ड्याला कळशी. दसऱ्याला त्याला हळदकुंकूबी लावलं. सकाळी ओंकार चार्जर लावायच्या आधी विचारायचा, आज्जी, पाणी घातलं का? ती म्हणायची, "तुझ्या आधी उठून प्यालाय त्यो." मग कळशी खड्ड्याजवळच पालथी घालायची.

ती गेल्यावर ओंकार जास्तच बिघडला, असं मला वाटलं. स्वयंपाकघरात पाटावर पाय वर घेऊन बसायला लागला. पायात रबरी चप्पल. मी म्हणालो, तिच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून कोण बसतं? त्यानं चप्पल काढली नाही. मग मनगटाला फडकं गुंडाळायला लागला. मग तेही सोडलं. लॅपटॉप प्लगला लावून आपण लांब ओट्याच्या कोपऱ्यात बसायचा, भरला की वायर काढून तासभर काम, परत लावायचा, परत लांब. रात्रीचं जेवण झालं की दप्तर भरून दाराजवळ ठेवायचा. हात कोरडे हायत का, हे विचारायचंही बंद केलं.

तेवढ्यात त्याच्या बापाचा फोन आला. म्हणाला, आबा, तुमच्या जिवाला आता त्रास नको. पोराला कॉलेजजवळ खोली बघतो, रविवारी येतो. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझी भाकरी म्हणजे एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं काळी. पण त्या फोननंतर दाराजवळचं भरलेलं दप्तर बघितलं की वाटायचं, आज चाललं. कॉलेजातनं यायला पाच मिनिटं उशीर झाला की मी रस्त्यावर. आत आला की मात्र तोंडातनं निघायचं, "पायातली काढ आधी." मला दुसरं बोलायला जमत नाही.

शनिवारी दुपारी तो आंघोळीला गेला होता. लॅपटॉप प्लगला लावलेला, आणि गॅसवरची आमटी उतू जाऊन त्याच्याकडं निघालेली. मी हात घातला. दोन्ही हातांनी धरला, शिकवल्यासारखा, आणि खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. सोडायची सोय नव्हती. दात आवळून तसाच पलीकडं ठेवला.

तो बाहेर आला तर मी हात झटकत बसलेला. बघताक्षणी त्याला कळलं. आधी वायर उपटली, मग माझे तळवे उलटेपालटे करून बघितले. लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही.

"कधीपास्नं हाय हे?"

"तेराव्याच्या आधीपास्नं."

मी चिडलो. म्हणालो, खुळा हायस का, महिना दीड महिना करंट खात बसलास, सांगता येत नव्हतं? निदान आपल्या हातानं पाणी घालायचं. तो खाली बघून म्हणाला, रोज सकाळी जात होतो. मोरीपर्यंत जायचा आणि परत यायचा.

"कळशी आज्जीनं पालथी घातलेली हाय, आबा. उचलावी वाटंना."

मीही रोज मोरीमागं जात होतो. कळशीला वळसा घालून जात होतो. झाडताना तिच्याभोवतीनं झाडत होतो. मला वाटत होतं, हे खूळ माझ्या एकट्याचं.

मी विचारलं, "उद्या बाप येतोय. जायचं का ऱ्हायचं, ते सांग."

तो म्हणाला, "बाबा म्हणत होते, तुम्ही दमलाव. मी म्हणलं, आबा जा म्हणल्याबिगर हलणार न्हाई. दप्तर भरून ठेवत होतो, तुम्ही म्हणलाव तर तुमच्यापुढं पसारा आवरत बसायला नको म्हणून."

"मी म्हणलो का?"

"न्हाई."

"मग?"

तो आमटीचं पुसायला बसला. पुसता पुसता एकदम थांबला, लॅपटॉपकडं कान केला आणि म्हणाला, आबा, थेंब तर गेला नसेल ना आत? मी म्हणालो, थेंब माझ्या हातावर पडलाय, त्याचं कुणी विचारत न्हाई. त्यानं ओल्या फडक्यानं माझा हात पुसला आणि वर विचारलं, कोरडा झाला का.

रविवारी सकाळी तो उठायच्या आधी मी मोरीमागं गेलो. चाळीस वर्षं मी पोती उचललीत, पण त्या कळशीपुढं जरा उभा राहिलो. मग दोन्ही हातांनी उचलली. तिच्याखाली जमिनीवर गोल उमटला होता, आत दोन मुंगळे. ते जाऊ दिले. कळशी विसळली, भरली आणि खड्ड्यावर ओतली. माती फसफसली आणि सगळं पाणी एका दमात पिऊन गेली. आणखी एक भरून ओतली. तिसरीला पाणी वर थांबलं.

कळशी पालथी घातली नाही. उद्यासाठी भरून तिथंच ठेवली आणि आत जाऊन आधण ठेवलं, तिघांचं. चूक लक्षात आली, पण तसंच उकळू दिलं. त्याचा बाप यायचाच होता.