दोन लाइनींचे मुलाणीचाचा

मुलाणीचाचा कॉम्प्युटर चालू करण्याआधी मोठ्यानं ओरडतात, "गार्डसाहेब, लाइन क्लिअर?" गार्डसाहेब म्हणजे मी, त्यांचा भाडेकरू. मी मागच्या खोलीत कणीक मळत असलो तरी तिथून "क्लिअर!" म्हणावं लागतं. नाहीतर चाचा बटणाला हात लावत नाहीत.

चाचांनी सगळी नोकरी रेल्वेत सांधेवाला म्हणून केली. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो सांधा वळवायचा, पण त्याआधी मास्तरांचा हुकूम आपल्या तोंडानं परत म्हणायचा. आता रिटायर होऊन घोरावाडी स्टेशनजवळच्या घरी असतात, पण सवय गेली नाही. दूधवाल्यालाही सोडत नाहीत. "अर्धा लिटर म्हणलो. परत म्हण." तो बिचारा म्हणतो.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. इथल्या कंपनीत पॅकिंगला लागलो तेव्हा ओळखदेख नसताना चाचांनी खोली दिली. नाव आणि गाव विचारलं, दोन्ही परत म्हणून बघितलं, झालं. परमुलखात एवढं कोण करतं?

मग कंपनीत स्टोअरला जागा निघाली. साहेब म्हणाले, "महिन्यात कॉम्प्युटर शिकलास तर तुला घेतो." मला माउस धरतानाही घाम फुटायचा. चाचांच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. त्यांच्या मुलाचा, सलीमचा. सलीम बापाशी भांडून शारजाला गेलेला, बोलणं बंद. त्यातल्या विंडोजला पासवर्ड होता आणि तो कुणालाच माहीत नव्हता. कंपनीतल्या मित्रानं लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम पेनड्राइव्हवर भरून दिली. म्हणाला, "जुनं पुसून टाक की. बंदच तर आहे."

हे ऐकून चाचा ताडकन उठले. "उखडायची न्हाई! शेजारून नवी लाइन टाक. जुनी हाय तशी ऱ्हाऊ दे."

"पण चाचा, तिच्यावरून गाडीच जात नाही."

"आज जात न्हाई. म्हून रूळ भंगारात घालतोस व्हय?"

रविवारी दोघं बसलो. स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. एक शेजारी बसवायची, दुसरी सगळं पुसून बसवायची. माझं इंग्रजी आठवीतलं, तेही अर्धं. मी एका ओळीवर खूण केली आणि पुढचं बटण दाबणार तोच चाचा म्हणाले, "परत म्हण."

"काय?"

"काय निवडलंस त्ये. तोंडानं."

मी अक्षरं लावत वाचलं, "इ... रे... ज. डिस्क."

"म्हंजी?"

"पुसून टाकणे," म्हणालो.

चाचांनी खांद्यावरचा लाल गमजा स्क्रीनपुढं असा ताणून धरला, की मी खुर्चीसकट मागं सरकलो. "सिग्नल लाल! हात वर!" मी खरोखर दोन्ही हात वर केले. मग वरची ओळ निवडली, तीनदा म्हणून दाखवली, आणि जुनीच्या शेजारी नवी लाइन पडली.

आता कॉम्प्युटर चालू होताना विचारतो, कुठली सिस्टीम? रोज संध्याकाळी चाचा आधी सांधा जुन्या लाइनीकडं वळवतात. सलीमचा फोटो येतो, खाली पासवर्डची चौकट. काहीतरी टाइप करतात, मान हलवतात, बंद करतात. मग मला म्हणतात, "घे, नवी तुझी." असंच शिकत मी स्टोअरला लागलो.

परवा धीर करून विचारलं, "चाचा, काय टाइप करता?"

"एका दिसाला एकच शब्द. गाव घातलं, शाळा घातली, त्येच्या गाडीचा नंबर घातला. लहानपणी एक बोकड हुता, लय जीव हुता त्येच्यावर, त्येचं बी नाव घातलं."

"मावशींचं?"

"त्येच्या आईचं पैल्याच दिशी घातलं."

"आणि तुमचं?"

चाचांनी कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. स्क्रीनवरचा सलीम हसत होता.

"त्येवढं ठिवलंय," म्हणाले. "नसलं म्हंजी?"