इकडून माशी आली नाही

कलिंगड घेताना लोक ते वाजवून बघतात. टिपणीस त्याला प्रदक्षिणा घालत असे.

गल्फमध्ये, उम्म अल कुवैनला आमच्या घरांकडे वळणाऱ्या रस्त्यावर हंगामात एक पिकअप उभा असायचा. मागे कलिंगडांचा ढीग आणि ढिगाशेजारी एक पठाण. टिपणीस एक फळ उचलून वाळूवर ठेवायचा, हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरायचा आणि एका जागी थांबून बोट रोखायचा.

"इकडून माशी आली नाही."

पठाण दुखावून म्हणायचा, "हबीबी, मक्खी क्यों आएगी? ताजा माल है."

टिपणीसची माशी म्हणजे मधमाशी. कलिंगडाच्या मादीफुलाच्या मधोमध तीन कंगोरे असतात. तिन्हींवर पराग नीट पडला, तर बिया सगळीकडे धरतात आणि फळ चहूबाजूंनी भरतं. माशी घाईत असली आणि एखादा कंगोरा कोरडा राहिला, तर त्या बाजूला बिया नीट धरत नाहीत. बिया नाहीत म्हणून गर फुगत नाही, आणि फळ एका अंगाला बसकं होतं. हे वनस्पतिशास्त्र आहे. टिपणीसने त्याचं तत्त्वज्ञान केलं होतं.

आम्ही दोघं हमरिया फ्री झोनमध्ये प्लॅस्टिकची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात होतो, तो क्वालिटी कंट्रोलला आणि मी अकाउंट्सला. एखादं पिंप गोलाईत चुकलं की तो ते बाजूला काढून म्हणायचा, इकडून माशी आली नाही. जनरल मॅनेजरचं वार्षिक भाषण ऐकून तो माझ्या कानाशी म्हणाला, "सुरुवात बरी होती. शेवटाकडे माशी आली नाही." एकदा हातातली ऑर्डर गेली तेव्हा मी सहज म्हणालो, कुठे माशी शिंकली कोण जाणे. तो गंभीरपणे म्हणाला, "शिंकली असती तरी चाललं असतं रे. म्हणजे आली तरी असती."

त्याच्या घराच्या अंगणात माती नव्हती, वाळू होती. तिच्यात शेणखत कालवून त्याने कलिंगडाचे वेल लावले होते. डासांसाठी धूर मारणारी गाडी नेमाने येत असल्यामुळे आमच्या गल्लीत मधमाशी औषधालाही नव्हती. मग तिचं काम टिपणीसच करायचा. मादीफूल एकच सकाळ उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. त्यामुळे पहाटे लुंगी गुंडाळून, नराचं फूल पाकळ्या सोलून चिमटीत धरून, तो वेलांमध्ये उकिडवा बसलेला असे. कारखान्याची बस दारात हॉर्न वाजवायची. उशीर का, असं कुणी विचारलं की ड्रायव्हर शांतपणे सांगायचा, "टिपणीस साब शादी में है."

एका वर्षी त्याने प्रयोग केला. आई काळपट हिरव्या, गोल जातीची. बाप लांबट, पट्ट्यापट्ट्यांचा. परक्या परागाची बाधा नको म्हणून आदल्या संध्याकाळी कळ्यांना कागदाच्या टोप्या घातल्या. ही बातमी जनरल मॅनेजरपर्यंत गेली. साहेबांना कशाचंही उद्घाटन चालत असे. एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, ते लँड क्रूझरमधून सपत्नीक अवतरले. बरोबर कॅमेरा होता आणि कॅमेरा धरायला माणूसही होता. कंपनी संशोधनाच्या पाठीशी उभी आहे, असं दोन वाक्यांत सांगून त्यांनी फीत कापावी तसं कलिंगड कापलं.

ते हुबेहूब आईसारखं होतं. बाहेरून काळपट हिरवं आणि गोल, आतून लाल.

"तो फिर फर्क क्या पड़ा?" साहेबांनी सुरी हातात ठेवूनच विचारलं.

टिपणीसचा चेहरा उजळला. याच प्रश्नासाठी त्याने हंगामभर कंबर मोडून घेतली होती. त्याने सांगितलं, की फरक पडतच नाही. साल, रंग, गोडी सगळं आईचं. बाप फक्त बियांत असतो. बी पेरावं, वेल वाढू द्यावा, त्याला फळ धरलं की मग बाप दिसतो.

"म्हणजे बापाचा फळावर काही हक्कच नाही?" टिपणीसच्या बायकोने, सुलभावहिनींनी विचारलं.

"काही नाही."

"मग शाळेची फी कुणी भरायची?"

सगळे हसले. त्यांची मुलगी मुक्ता तेव्हा दहावीत होती. ती दारातूनच म्हणाली, "पापा, प्लीज. नॉट इन फ्रंट ऑफ एव्हरीवन," आणि आत निघून गेली. साहेबांनी एक फोड खाल्ली, गोड असल्याचं जाहीर केलं आणि निघाले. तो फोटो पुढे कंपनीच्या कॅलेंडरवर आला. त्यात साहेब आहेत आणि कलिंगड आहे. टिपणीसचा कोपर आहे.

मुक्ता जन्मापासून इथेच वाढलेली. बारावीनंतर ती पुण्याला इंजिनीअरिंगला गेली आणि होस्टेलवर राहू लागली. शुक्रवारी फोन व्हायचा. आईशी बोलणं चालायचं, मग रिसीव्हर बापाकडे यायचा आणि संभाषण "ओके पापा" वर संपायचं. पावसाळ्यातच ती आईला म्हणाली होती, की मला इथे नाही राहायचं, मी परत येते. नंतर तो विषय कुणीच काढला नाही. टिपणीस मात्र तो उशाशी घेऊन झोपत होता.

एप्रिलमध्ये मी पुतणीच्या लग्नासाठी पुण्याला निघालो. गल्फमधून गावी निघालेला माणूस हा सर्वांच्या मालकीचा टेम्पो असतो. वहिनींनी खजूर, पिस्ते, शाम्पू असं सगळं बांधून दिलं. टिपणीस मला गेटपर्यंत सोडायला आला.

"तिला बघून ये. नीट रुजली आहे का, एवढं सांग. नसेल तर परत आणतो, वर्ष गेलं तर गेलं. पण मला गोड रिपोर्ट देऊ नकोस."

"तूच विचार की फोनवर."

"मला ती ओके म्हणते." तो वेलांकडे बघत राहिला. "वळण सगळं सुलभाचं आहे तिच्यात. माझं काय? व्हिसावर स्पॉन्सर म्हणून नाव."

मी होस्टेलपाशी पोचलो तेव्हा मुक्ता बाहेरच होती, फाटकासमोरच्या कलिंगडवाल्याजवळ. दोन मैत्रिणी कंटाळून उभ्या होत्या. फूटपाथवर एक कलिंगड ठेवलेलं होतं आणि ही हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरत होती. मी हाक मारायचा थांबलो.

"घ्या ताई, साखर आहे साखर," कलिंगडवाला म्हणाला.

"काका, साखर असेल. पण इकडून माशी आली नाही."

"माशी कशी येईल? झाकून ठेवलंय की."

मग तिने ते तिथेच कापायला लावलं. बसक्या बाजूचा गर फिकट, आणि त्यात बियांऐवजी पांढऱ्या पापड्या. कलिंगडवाला कधी फळाकडे, कधी हिच्याकडे बघत राहिला. मी पुढे होऊन ओळख दिली, तेव्हा एक मैत्रीण मला म्हणाली, "अंकल, हिचं रोजचंच आहे. आता मेसमध्ये पोळी कच्ची राहिली तरी सगळ्या जणी म्हणतात, इकडून माशी आली नाही."

मी मुक्ताला परत येण्याबद्दल विचारलं. ती गोंधळलीच. "अंकल, दॅट वॉज लास्ट जुलै. पापा अजून तेच धरून बसलेत?"

निघताना तिने कॅमेऱ्याच्या रोलची एक रिकामी डबी दिली. चांगल्या बाजूच्या बिया धुऊन, पुसून आत भरल्या होत्या. "फळ बघून आई कळली. बाप कोण ते माहीत नाही. पापांना म्हणावं, पेरून बघा. पुढच्या वर्षी कळेल."

परत आल्यावर शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि घडलं ते सांगितलं. तो मध्ये फक्त एकदा बोलला.

"तिचं बरोबर निघालं?"

"बरोबर. पांढऱ्या पापड्या."

मी डबी दिली, निरोपही शब्दशः सांगितला. त्याने बिया तळहातावर ओतल्या आणि बोटाने हलवत बसला.

सुलभावहिनी टेबल पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बाप कळायला पुढचं वर्ष कशाला हवं? मला तर भावोजींचं ऐकूनच कळला."

बिया पुन्हा डबीत भरून टिपणीसने झाकण घट्ट लावलं आणि, "जरा फुलं बघून येतो," म्हणून बाहेर गेला.

भर दुपार होती. या वेळी वेलावर एकही फूल उघडं नसतं, हे त्याच्याइतकं पक्कं साऱ्या एमिरेट्समध्ये कुणाला ठाऊक नसेल. वहिनींनी माझ्यासाठी चहा टाकला. तो बराच वेळ आत आला नाही.