माझा रिपोर्ट सोळा वेळा कोणी उघडला?

माझी बुद्धी वस्तऱ्यासारखी आहे, असं मीच म्हणतो. दुसरं कोणी म्हणेपर्यंत थांबायला गुप्तहेराला वेळ नसतो. आजवर मी एकोणीस प्रकरणं हाती घेतली. त्यातली चार सुटली, तीही मी भलतीकडे शोधत असताना.

विसाव्या प्रकरणात गिऱ्हाईक मीच होतो. आमच्या रुग्णालयाने ब्लॉकचेन आणली होती. कोणाचा रिपोर्ट कोणी, कधी उघडला, ते त्यात कायमचं लिहिलं जातं. खुद्द रुग्णालयालाही खोडता येत नाही. मी फोनवर सहज पाहिलं, तर माझा लघवीचा रिपोर्ट सोळा वेळा उघडला गेलेला! उघडणाऱ्याचं नाव नाही, नुसता लांबलचक आकडा.

'किडनीची तपासणी महिन्याभरात पुन्हा करा,' असं त्या रिपोर्टात होतं. त्याला चार महिने झाले होते. घरी मी "सगळं उत्तम" म्हणून मोकळा झालो होतो. खरं म्हणजे पुढे काय निघेल या भीतीने माझे पायच तिकडे वळत नव्हते.

पहिला संशय विमा कंपनीवर. तिच्या दारासमोर मी दोन तास वर्तमानपत्राआड उभा राहिलो. शेवटी रखवालदार जवळ आला.

"काका, लघवीला जायचं असेल तर आत सोय आहे."

म्हणजे रिपोर्ट यालाही ठाऊक!

दुसरा संशय समोरच्या दंतवैद्यावर. तो मला पाहून सारखा हसायचा. दात दाखवणं हा त्याचा धंदाच आहे, हे बायकोने लक्षात आणून दिल्यावर मी त्याला सोडून दिलं.

अखेर गोपनीयतेच्या कायद्याखाली रुग्णालयात अर्ज केला. तिथल्या अधिकारीबाईंनी तो आकडा मशीनमध्ये घातला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "परवानगी तुम्हीच दिलीय. नोंदणीच्या दिवशी दिसेल त्या चौकोनात खूण केलीत, घरच्यांना रिपोर्ट दाखवायच्या चौकोनातही. या तुमच्या सासूबाई ना? परवानगी काढून घेऊ? तुमचा हक्क आहे."

"थांबा. आधी आरोपीची बाजू ऐकतो."

सासूबाई आमच्याकडेच राहतात. निवृत्त नर्स. मी घरी पोचलो तेव्हा भाजी निवडत होत्या.

"सोळा वेळा, सासूबाई?"

"दर आठवड्याला बघते, दुसरा रिपोर्ट आला का. मुलीला बोलले नाही हो. तुमची खासगी बाब."

"मग मला तरी विचारायचं!"

"तुम्ही गुप्तहेर, जावईबापू. म्हटलं, तुमच्या लक्षात असेलच." त्यांनी भाजी बाजूला सारली. "घाबरलात ना? उद्या सकाळी जाऊ. मी येते बरोबर."

त्या खरंच आल्या. सुई टोचताना मी डोळे मिटले, तेव्हा माझा दुसरा हात त्यांनीच धरला होता. परवानगी काढून घ्यायचं मी नावही काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी फोनवर रिपोर्ट उघडायचा पासवर्ड आठवत बसलो होतो, तोच आतून सासूबाई आनंदाने ओरडल्या, "जावईबापू, किडन्या ठणठणीत!"

माझा जीव भांड्यात पडला. आणि पाठोपाठ बायकोचा आवाज आला, "कोणाच्या किडन्या?"

चौकशी सुरू झाली होती, आणि या वेळी संशयित एकच होता.