तिसऱ्या खिडकीपुढची फरशी

नगरच्या एका धर्मादाय रुग्णालयात गैरव्यवस्था फार बोकाळली होती. पाय मोडलेला माणूस यायचा, "चालायला शिकवा," म्हणायचा आणि त्याला सरळ व्यायामाच्या खोलीत नेत. कुणी कुणाची परवानगीसुद्धा घेत नसे! महायुद्धाच्या दिवसांत असली बेशिस्त परवडणारी नव्हती. म्हणून व्यवस्थापक गहिनीनाथराव यांनी सुधारणा केली. पुनर्वसनासाठी रीतसर अर्ज सुरू झाले आणि ओसरीवर तीन खिडक्या उघडल्या. पहिलीत अर्ज मिळे, दुसरीत तपासला जाई आणि तिसरीत काय चुकले ते सांगत.

या सुधारणेचा लाभ सत्तार कल्हईवाल्याला मिळाला. देवळाली प्रवऱ्याच्या बाजाराहून येताना तो बैलगाडीतून पडला होता. हाड जुळले, पण घोटा खुंटासारखा ताठ राहिला. कल्हईवाल्याचे तर सगळे घोट्यावर! पातेल्यात वाळू टाकायची, आत उभे राहायचे आणि गर्रकन डावीकडे, गर्रकन उजवीकडे फिरत भांडे घासायचे, कथिलाचा मुलामा नंतर. दिवाळी महिन्यावर आली होती आणि गल्लीतली पातेली त्याच्या दारात रचून पडली होती.

"अजी, बायका इचारत्यात," त्याची बायको खातून म्हणाली, "भांडी हितं ठेवायची का दुसऱ्याकडं न्यायची? काय सांगू?"

"सांग, अर्ज चाललाय."

"अर्ज चाललाय अन् मालक बसलाय!"

तिसऱ्या खिडकीत सूर्यभान कारकून होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "अर्जदाराने आधाराशिवाय उभे राहून सही करावी, असा नियम आहे. तुम्ही भिंतीला टेकला होतात."

"साहेब, उभं ऱ्हाता येत न्हाई, म्हनून तर आलो."

"मग तसा दाखला जोडा. पहिल्या खिडकीत मिळेल. उभ्याने घ्यायचा असतो."

सत्तार पुन्हा पहिल्या खिडकीच्या रांगेला लागला. तिचे शेपूट तिसऱ्या खिडकीपर्यंत आले होते. त्याच्यामागे पाथर्डीच्या कडूबाई काठीवर रेलून होत्या. त्यांचा खुबा आखडला होता.

"रांग सरकंना रं, बाबा."

"सरकंल, मावशी. आपन मरायच्या आत सरकंल."

ओसरीवर वाळूच्या बादल्या होत्या. बॉम्ब पडलाच, तर आग विझवायला. बॉम्ब काही पडेना. सत्तारचे पाय मात्र कामावाचून शिवशिवत होते. त्याने मूठभर वाळू फरशीवर टाकली, वर पाय ठेवला, तिसऱ्या खिडकीचा गज धरला आणि पातेल्यात फिरतात तसा फिरू लागला. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आले, घोटा हलला नाही. पण रांगेत वेळेला तोटा नव्हता. काही दिवसांनी घोटा करकरला. मग वळला.

"लई ग्वाड फिरतुयास की! मला बी दे मूठभर," कडूबाई म्हणाल्या.

बघता बघता सगळी रांग वाळूवर फिरू लागली आणि फरशीवर आरशासारखे गोल उमटले.

दिवाळीच्या तोंडावर सूर्यभान ओरडले, "सत्तार! अर्ज मंजूर! व्यायामाच्या खोलीत जा."

सत्तारने जागच्या जागी एक गिरकी घेतली. "आता कशाला, साहेब? पातेली खोळंबल्यात." आणि तो चालत घरी गेला. त्या दिवाळीला गल्लीतले एकही भांडे बिनकल्हईचे राहिले नाही.

गहिनीनाथरावांनी अहवाल लिहिला: "अर्जपद्धतीनेच रुग्ण बरे होतात, असे सिद्ध झाले आहे." व्यायामाची खोली बंद करून तिथे चौथी खिडकी निघाली. वाळू ही युद्धसामग्री असल्याने बादल्या कुलपात गेल्या. त्यानंतर कुणीच बरे होईना, तेव्हा पुढच्या अहवालात नोंद झाली: "हल्लीचे अर्जदार मनापासून उभे राहत नाहीत."

गोलांना मात्र चुन्याची कड मारली गेली. अर्जदाराने गोलातच उभे राहायचे, असा नियम झाला.

एकदा कल्हईची भांडी पोचवायला आलेला सत्तार तिसऱ्या खिडकीशी थबकला. गोलात एक सभ्य गृहस्थ निश्चल उभे होते.

"साहेब, ह्यो गोल माझ्या पायानं पडलाय. त्यात नुसतं उभं ऱ्हायचं नसतं, फिरायचं असतं."

"ओ मिस्तरी, मधे घुसू नका!" गृहस्थ खेकसले. "मागून या, रांगेतून!"

सत्तार हसला आणि निघाला. ते गृहस्थ कोण, हे त्याला कळले नाही. पण वाचकहो, मागच्या खेपेला कुठल्याशा खिडकीपुढे उभे होतात, तेव्हा तुम्ही तरी पायाखाली कुठे पाहिले होते?